कोरड्या पोटाची जमीन

"माझा बांध हलणार नाही," सासरे म्हणाले. "नदी हलेल, समुद्र हलेल, सरकार हलेल. पण माझा बांध? नाव नको."

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते उभे होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं बोट समोर रोखलेलं. आमची इमारत नदीच्या मुखाशी अगदी काठावर आहे, त्यामुळे बाल्कनीतून त्यांचं बेट सबंध दिसतं. टाचेकडून झिजलेल्या चपलेसारखं. टाच नदीकडे, अंगठा समुद्राकडे. टाचेच्या अगदी कडेला सासऱ्यांचं शेत.

"ते वाकडं झाड दिसतंय?" ते म्हणाले. "त्याच्या बुंध्याशी माझा बांध सुरू होतो. आमच्या आजोबांनी घातलेला. विचारा त्या झाडाला, कधी हललंय का म्हणून."

मी झाडाकडे बघितलं. झाडाने आधी जरा मान डोलावली. मग गुडघेदुखीचा माणूस खुर्चीत बसतो तसं सावकाश नदीत बसलं. त्याच्यामागून बांधाचा लांबलचक तुकडा गेला. त्याच्यामागून कोबीच्या काही ओळी. कोबी बुडत नाही. एकामागून एक गड्डे समुद्राच्या दिशेने निघाले, शाळा सुटल्यासारखे.

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला.

"झाड तसं शेजाऱ्याचं होतं," म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बेटावरून, सासूबाईंचा. त्यांचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"अहो, कोबी चालला!"

"कुठे?"

"तुमच्याच बाजूला येतोय. बघा, दिसतोय का."

"दिसतोय."

"मग हात करा त्याला," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बेटाचं असं आहे. नदी वरून येते आणि बेटाची टाच खाते. खाल्लेली माती घेऊन जाते आणि खाली अंगठ्याशी आणून टाकते. म्हणजे बेट एका जागी नाहीच. ते समुद्राकडे चालतंय. फार सावकाश, कुठे बोलावणं नसलेल्या माणसासारखं, पण चालतंय. माझ्या बायकोच्या पणजोबांचं घर आज नदीच्या मध्यावर आहे. होडी तिथूनच जाते. नावाडी त्या जागी आला की दरवेळी मला सांगतो, "जावईबापू, पाय जरा वर घ्या, तुमच्या सासरच्या स्वयंपाकघरातून चाललोय."

बेटावर सगळी शेतीच. कोबी, कांदा, बटाटा, आणि ज्यांना काहीच जमत नाही ते मुळा लावतात. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, म्हणून चहूबाजूंनी मातीचा बांध, आणि बांधाला एक मोठी लाकडी झडप. ओहोटीला झडप उघडायची, आतलं पाणी बाहेर. भरतीला लावायची, बाहेरचं पाणी बाहेरच. विसरलं की त्या वर्षी कोबीत मीठ घालायला लागत नाही. रस्ते बांधावरूनच, एका सायकलीपुरते. समोरून दुसरी सायकल आली तर वयाने लहान असेल त्याने शेतात उतरायचं. एक ट्रॅक्टर आहे. तो सुटा करून होडीतून आणला, बेटावर जोडला, आणि जोडून झाल्यावर टोपलीभर भाग उरले. ते कुठले हे अजून कळलेलं नाही. ट्रॅक्टर चालतो, पण उजवीकडेच वळतो. बेटाला फेरी मारायची तर तेवढं पुरतं.

ज्याची जमीन टाचेकडे गेली त्याने अंगठ्याकडे नवी घ्यायची, असा नियम. पण गाळ वर आला म्हणजे लगेच जमीन झाली का? यावरून पूर्वी डोकी फुटायची. शेवटी काठावरच्या कचेरीने वैतागून विचारलं की तुमच्याकडे जमीन म्हणतात तरी कशाला, ते एकदाचं कळवा. बेटावरच्या पंचांनी बरीच डोकेफोड करून कळवलं: पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ज्या गाळावर गाय उभी राहील आणि तिचं पोट कोरडं राहील, ती जमीन. पोट ओलं झालं, तर तो समुद्र. ज्याची गाय, त्याची जमीन.

कचेरीकडे याहून चांगली व्याख्या नव्हती. तीच आजतागायत चालू आहे. रात्रीची भरती धरत नाहीत, कारण अंधारात पोटाचं काय झालं ते गायीलाच ठाऊक.

आता मुद्दा असा की ज्याला जमीन नाही त्याला बेटावर राहता येत नाही. हाकलून कोणी देत नाही. पण जमीन नसलेला माणूस म्हणजे पाहुणा, आणि बेटावर पाहुण्याला दोन दिवस झाले की जो भेटेल तो विचारतो, "मग, परत कधी?" सासऱ्यांकडे आता उरलं होतं घर, गोठा आणि रुमालाएवढं शेत. पुढच्या पुरात तेही कोबीच्या मागोमाग जाणार, हे बाल्कनीतूनही कळत होतं. आणि मग सासरे कुठे जाणार? त्यांना मुलगी एकच. तिला नवरा एकच. आमच्या खोल्या दोन.

माणूस वाईट नाही. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, आणि मी पंपाच्या दुकानात काउंटरवर असतो म्हणजे पंप मीच बनवतो असा त्यांचा समज आहे. पण त्या वेळी ते दात दाखवायला म्हणून आमच्याकडे राहिले होते, आणि तेवढ्यात त्यांनी घर हातात घेतलं होतं. घरातलं सांडपाणी ओहोटीलाच सोडायचं, असा त्यांचा दंडक. भरती असली की न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

"मामा, मला दुकानात जायचंय. अंघोळ करू द्या."

"पाणी चढतंय, जावईबापू. आता सोडलंत तर उलटं येईल."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"नदीला मजले कळत नाहीत."

बायकोच्या कुंड्यांमधली माती काढून त्यांनी बाल्कनीच्या कडेने छानसा बांध घातला. आतून थोपटून गुळगुळीत केलेला, बघत राहावं असा. मग तो टिकतो का बघायला बाल्कनीत पाणी भरलं. बांध फुटला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या टेलरने गिऱ्हाइकाचे तीन कोट वाळत घातले होते. टेलर वर आला. सासऱ्यांनी त्याला समजावलं की दोष बांधाचा नाही, मातीचा आहे. शहरी माती, तिला कामाची सवय नाही.

त्या रात्री बायको मला म्हणाली, "बाबा कायमचे इथे आले ना, तर मी बेटावर जाते राहायला."

"तिथे जमीन लागते."

"मग मला एक गाय घेऊन दे."

त्यामुळे झाड पडल्यावर मी रजा टाकली, बायकोने तिच्या शाळेत ताप कळवला, आणि आम्ही दोघं सासऱ्यांना घेऊन बेटावर निघालो. अंगठ्याशी नवा गाळ वर आला होता, चांगला दोन-तीन शेतांएवढा. पौर्णिमा जवळ होती. पंचांनी पहिली पाळी सासऱ्यांना दिली, कारण त्यांचं ताजं नुकसान. ती हुकली तर पुढच्या पौर्णिमेची पाळी झडपवाल्या काकांची.

झडपवाले काका म्हणजे सासऱ्यांचे साडू. सासूबाईंची धाकटी बहीण त्यांना दिली. भरती-ओहोटीला झडप उघडायची-लावायची हे त्यांचं काम, म्हणून सगळं बेट त्यांना त्याच नावाने ओळखतं. सासरे आणि ते लग्नापासून एकमेकांना पाण्यात पाहतात. लग्नात सासऱ्यांना घड्याळ मिळालं आणि काकांना सायकल. तेव्हापासून सासरे पायी जातात आणि काका उशिरा पोचतात, आणि दोघंही त्याचा दोष सासुरवाडीला देतात.

काकांची गाय बेटावर सगळ्यात उंच. तिला सगळे जिराफ म्हणतात. त्या गाळावर ती नुसती उभी राहिली असती तरी पोटाखालून होडी गेली असती. पण तिला पाण्याची भीती. आदल्या खेपेला अशाच एका गाळावर तिला नेलं, तर घोटाभर पाणी बघून ती जी उधळली ती थेट काकांच्या स्वयंपाकघरात जाऊन थांबली. काकूंना, म्हणजे बायकोच्या मावशीला, तेव्हापासून घरात कुठूनही 'हंबा' ऐकू आलं की त्या हातातलं भांडं टाकतात.

आमच्या गायीला पाण्याचं काही वाटत नाही. तिला कशाचंच काही वाटत नाही. तिचं नाव आत्या. सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीसारखीच ती बघते, ऐकून घेते आणि मग तोंड फिरवते, म्हणून हे नाव. बहीण दूर राहते. तिला अजून सांगितलेलं नाही. आत्याची अडचण एवढीच की ती अंगाने लांब, पायाने आखूड, आणि गाभण. पोट असं खाली आलेलं की गोठ्यात मांजर तिच्याखालून जाताना वाकून जायचं.

"हे कसं जमणार, मामा?" मी विचारलं.

"जमेल. पथ्यावर ठेवलंय तिला. पौर्णिमेपर्यंत पोट चार बोटं वर घेतो का नाही बघा."

संध्याकाळी झडपवाले काका आले. डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा हा भलामोठा भारा.

"काय साडूभाऊ, गाय कशी आहे?"

"उंच," सासरे म्हणाले.

"गाभण आहे ना? दोन जिवांची बिचारी. म्हटलं, तुमचं तर शेत गेलं, चारा कुठून आणाल. हा घ्या. मीठ लावून आणलाय."

"मीठ कशाला, काका?" मी विचारलं.

"चव येते. आणि मग वरून पाणीही छान पिते. बादली बादली."

सासरे भाऱ्याकडे बघत राहिले. "तुमच्या जिराफाला घाला की."

"तिला कशाला? तिचं चाललंय. पाण्याची सवय लावतोय. रोज परातीत पाय बुडवून घेतो."

"चारही?"

"एकेक. चारही बुडवायला परात केवढी लागेल!"

"आणि पुढच्या पौर्णिमेला काय, परात घेऊन जाणार गाळावर?"

"पुढच्या पौर्णिमेची वेळ येणार, हे तुम्हीच म्हणताय," काका म्हणाले आणि सायकलीवर टांग मारून गेले.

भारा सासऱ्यांनी नदीत टाकायला सांगितला. मी टाकायला निघालो तर बायको म्हणाली, उद्या टाकू, अंधार झाला. सकाळी बघतो तर भारा नाही. गोठ्यात आत्या निवांत रवंथ करत होती, बादली रिकामी, आणि पोट आदल्या दिवसापेक्षा खाली.

"कोणी घातला हिला चारा?" सासरे ओरडले.

"मी घातला," सासूबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या. "मुक्या जनावराला उपाशी ठेवता? ते पण दिवस भरत आलेल्या? आधी स्वतःचं पोट बघा कुठे टेकतंय."

"अगं, जमीन जाईल आपली!"

"गेली तर गेली. मी राहीन लेकीकडे. तिच्याकडे नळ आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक नव्हे, दोघंही येऊ शकतात, हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. त्या दिवसापासून गोठ्याच्या दाराशी आम्ही पाळीने बसायला लागलो, दिवसा मी, रात्री ती. माझी बायको सासऱ्यांच्या घरी जन्मली, वाढली. पण सासऱ्यांची जमीन वाचावी म्हणून इतकी तळमळ मी तिच्यात आधी कधी पाहिली नव्हती. सासऱ्यांना गहिवरून आलं. "मुलगी असावी तर अशी," ते सगळ्यांना सांगत सुटले.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी सगळं बेट अंगठ्याशी जमलं. बांधावर बायका, छत्र्या, शेंगदाणे. गाळावर आत्या, तिची दोरी धरून सासरे, आणि थोडं बाजूला पंच. पंच तिघं होते आणि तिघांनाही गुडघेदुखी, त्यामुळे पाण्यात उभं राहायला ते नाखूश होते आणि सारखे म्हणत होते, "चला, आटपा." भरतीला ते कसं सांगायचं कोणालाच कळेना.

मला चिखलात उतरू दिलं नाही. "जावयाला का चिखलात घालायचं!" असं म्हणून नावाड्याने होडीत लाकडी खुर्ची ठेवली, त्यावर मला बसवलं, हातात छत्री दिली आणि होडी गाळाच्या कडेला बांधली. सगळं बेट घामाघूम, चिखलाने बरबटलेलं. मध्ये मी एकटा इस्त्रीच्या शर्टात. लहान मुलं गायीपेक्षा माझ्याकडेच बघत होती.

पाणी चढायला लागलं. खूर गेले. घोटे गेले. आत्याने एकदा खाली बघितलं आणि तोंड फिरवलं. पाणी गुडघ्याला लागलं. मग गुडघ्याच्या वर. पोट आणि पाणी यांच्यात हाताच्या पंजाएवढं अंतर राहिलं. मग चार बोटं. आणि नेमकं तेव्हा आतलं वासरू लाथा झाडायला लागलं. प्रत्येक लाथेला पोट खाली यायचं, पाण्याला लागतंय न लागतंय तोच परत वर.

बांधावरून बायका ओरडायला लागल्या. "अगं आत्या, पोट आत घे! आत घे पोट!"

"आत्या, माझी बाई, अशीच उभी राहा," सासरे तिच्या कानात पुटपुटत होते. "एवढी भरती जाऊ दे. मग आयुष्यात तुला उभं करणार नाही."

माझी बायको बांधावर उभी होती. तिने स्वतःचंच पोट आत घेतलं होतं. श्वास कधी सोडला माहीत नाही.

पाणी थांबलं. भरती पुरी झाली की नदी अशी क्षणभर थांबते, काहीतरी विसरल्यासारखी. पंच म्हणाले, "हां, आता हात लावा."

पोटाला हात लावायचा मान झडपवाल्याचा, कारण पाण्याचा अधिकारी तो. झडपवाले काका पुढे झाले, वाकले, पोटाखाली हात घातला, नीट फिरवला, बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. हातावरून पाणी गळत होतं.

"ओलं," ते म्हणाले. "समुद्र आहे."

"अरे, तुझा हात ओला आहे!" सासरे किंचाळले. "कमरेपर्यंत पाण्यातून आलास तू! तुझा हात काय कोरडा होता?"

"हात जसा होता तसा होता. आता ओला आहे."

"हा काय न्याय झाला?"

"मी न्याय नाही सांगत, साडूभाऊ. हात सांगतोय."

पंचांनी आपसात कुजबुज केली. मोठे पंच म्हणाले, "कोरडा हात आणा. चला, आटपा."

कोरडा हात म्हणताच सगळे एकमेकांचे हात बघायला लागले. गाळावर सगळेच पाण्यातून आलेले. बांधावरच्या बायका घाम पुसत होत्या, शिवाय मध्ये पाणी. मग हळूहळू सगळं बेट माझ्याकडे वळलं.

"जावईबापू," सासरे म्हणाले. "हात वर करा. आणि खाली घेऊ नका."

सासूबाईंनी बांधावरून कोरडा टॉवेल फेकला, तो नावाड्याने झेलला आणि माझ्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळला. आता मला गायीपर्यंत न्यायचं कोणी? सासरे एकटे नेतील म्हटलं तर काकांना मान्य नाही. वाटेत काय शिकवतील कोण जाणे. काका नेतील म्हटलं तर सासरे तयार नाहीत, वाटेत बुडवेल. शेवटी दोघांनी मिळून उचललं. सासऱ्यांनी पाय धरले, काकांनी काखेत हात घातले. लग्नापासून पहिल्यांदाच त्या दोघांनी मिळून काही उचललं असेल.

"जड आहे रे," काका धापा टाकत म्हणाले. "काय खायला घालता याला?"

"आमच्या मुलीच्या हातचं खातो."

"मग अजून हलका हवा होता."

मी आडवा होतो, पोट आकाशाकडे, उजवा हात वर, टॉवेलसकट. दोघांचेही पाय चिखलात रुतत होते. एकाचा निघाला की दुसऱ्याचा जायचा, त्यामुळे मी कधी डोक्याकडून खाली, कधी पायाकडून. असे आम्ही आत्याजवळ पोचलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. टॉवेल मी दातांनी ओढून काढला. मी हात पोटाखाली घातला.

गरम होतं. केसाळ होतं. आतून एक लाथ बसली. आणि ठणठणीत कोरडं.

"कोरडं!" मी ओरडलो.

बांधावर एकच गलका झाला. सासऱ्यांनी आनंदाने दोन्ही हात वर केले. त्या हातांत माझे पाय होते. काकांनी त्यांचं टोक इमानाने धरून ठेवलं, त्यामुळे मी फक्त कमरेपासून खाली पाण्यात गेलो. पाणी उडालं ते आत्याच्या पोटावर.

"आता ओलं आहे!" काका म्हणाले.

"हात आधी लागला, पाणी नंतर," मोठे पंच म्हणाले. "जमीन झाली."

"थांबा, थांबा. जावई म्हणजे घरचा माणूस. घरच्याची साक्ष कशी धरता?"

इतकी वर्षं मी त्या घरात ऐकत आलोय की जावईबापू, लाजू नका, तुम्ही घरचेच. पंचांनी बांधाकडे बघून सासूबाईंना विचारलं, "काय हो, जावई घरचा का?"

"छे!" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "परकाच. कधी घरचा होता?"

तो मुद्दा तिथेच मिटला. पंच तुरुतुरु बांधावर चढले. काकांनी मला चिखलात उभं केलं, माझ्या खांद्यावर हात पुसला आणि म्हणाले, "शर्ट चांगला होता." आत्या खाली बसली, पाण्यातच, आणि पुढे बराच वेळ उठली नाही. पण आता तिने काहीही केलं तरी चालत होतं.

नव्या जमिनीवर सासऱ्यांनी बांध घातला, घर हलवलं, कोबी लावला. आत्याला कालवड झाली. ती उंच निघाली. काकांनी झडपेशी उभं राहून तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. टाचेकडचं जुनं शेत पुरात गेलं, त्याच्या मागोमाग रिकामा गोठाही गेला. तो जाताना आम्ही बाल्कनीतून बघितला. पहिल्यांदाच काळजी न करता. बायकोने कुंड्यांत नवी माती भरली. टेलरशी आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नाही. बेट चालतं हे माहीत होतं. कुठे चालतं, हे आम्ही धरून चाललो होतो की समुद्राकडे. पण सासऱ्यांच्या नव्या बांधाने प्रवाह थोडा वळला, गाळ एका अंगाला साचायला लागला, आणि चपलेचा अंगठा हळूहळू काठाकडे वाकला. आमच्या काठाकडे. आधी मधल्या पाण्यातून होडी जायची. मग ती अडकायला लागली. मग नावाडी ती ढकलत न्यायचा आणि भाडं पूर्ण घ्यायचा. त्या पुरानंतर तर ओहोटीला सासऱ्यांच्या बांधापासून आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपर्यंत नुसता गाळ दिसायला लागला. चकचकीत, सपाट, बिनपाण्याचा.

रविवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, बाल्कनीत या. चालत येतोय."

"मामा, होडीने या ना."

"होडी कशाला? आता आपण शेजारी. रोज येत जाईन चहाला."

बायको आणि मी बाल्कनीत गेलो. लांबून सासरे येताना दिसले, खांद्यावर कोबीचं पोतं, पायात गमबूट. वाटेत त्यांनी हात केला. आम्हीही केला. दुसऱ्यांदा हात केला तेव्हा ते जरा बुटके वाटले. तिसऱ्यांदा त्यांनी हात केला तो हाक मारायला.

"रुतलेत," बायको म्हणाली.

मी अग्निशामक दलाला फोन लावला. त्यांचा बंब आला, इमारतीच्या मागे थांबला. चालकाने काच खाली केली आणि मला विचारलं, "ही जमीन आहे का?"

काय सांगणार? बांधापर्यंतची तर होती, कचेरीत नोंद आहे. इकडची म्हणजे तिचीच पुढची. "गाय उभी राहिली होती," मी म्हणालो.

चालकाला ते पुरेसं वाटलं. बंब गाळावर उतरला. गाय आणि बंब यांच्या वजनातला फरक त्याच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आला. पुढची चाकं गेली, मग नाक गेलं, आणि तो थांबला. जवानांनी त्याच्यावरची शिडी काढून आडवी टाकली, तिच्यावरून पोटावर सरकत गेले आणि सासऱ्यांना ओढून काढलं. सासरे आले, गमबूट राहिले. कोबीही राहिला. सासरे त्याच्यासाठी परत जाऊ म्हणत होते, पण कोणी सोडलं नाही.

तोवर त्यांना कुठेही खरचटलेलं नव्हतं. पाय मोडला तो नंतर, आमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर टेलरच्या दारासमोर, त्यांच्याच पायाचा चिखल त्यांच्याच पायाखाली येऊन. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं की हे भिजता कामा नये. पाणी, चिखल, ओल काही चालणार नाही. सासऱ्यांनी विचारलं, बेटावर कधी जाता येईल. डॉक्टर म्हणाले, बेट कोरडं आहे का?

आता ते आमच्या पलंगावर असतात. आम्ही बाहेरच्या खोलीत. भरतीच्या वेळी अंघोळ बंद आहे. बंब काढायला क्रेन मागवली होती, पण क्रेनच्या चालकानेही विचारलं की ही जमीन आहे का, आणि या वेळी मी काही बोललो नाही, म्हणून तो परत गेला. काल दुपारच्या भरतीत बंबाच्या आत पाणी शिरलं आणि त्याचा भोंगा आपोआप सुरू झाला. अजून वाजतोय.